पागोळीची साखळी: कोणत्या घराला कोणता धातू

पन्हळीचं पाणी जमिनीवर आणायला बहुतेक घरांत पांढरा पीव्हीसी पाइप असतो. त्याच जागी धातूची साखळी सोडली तर पाणी कड्यांना बिलगून, एका कडीतून दुसरीत उतरत खाली येतं, आणि ते उतरताना दिसतं. जपानमध्ये देवळांत आणि चहाघरांत ही पद्धत कित्येक शतकं चालत आली आहे. तिथे तिला कुसारी-दोई म्हणतात. कुसारी म्हणजे साखळी आणि तोई म्हणजे पन्हळ. जोडशब्दात ‘तो’चा ‘दो’ होतो. आपल्याकडे पागोळ्या बघत ओटीवर बसायची सवय जुनीच असल्यामुळे ही वस्तू आपल्या घरांत परकी वाटत नाही. कौलारू घराच्या पडवीला तर ती फारच शोभते.

मालवण तालुक्यातल्या आमच्या घराला मी पहिली साखळी लावली ती मे महिन्यात. “स्टील आहे, काही होत नाही” असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि मीही पुढे काही विचारलं नव्हतं. दिवाळीपर्यंत कड्यांवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग आले, आणि पुढच्या पावसाळ्यात गंजाचे ओघळ चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर उतरले. ती भिंत दोनदा रंगवावी लागली. साखळी वाईट होती असं मी आता म्हणणार नाही. पुण्यात ती कदाचित बरीच वर्षं टिकली असती. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ती टिकणारच नव्हती. म्हणून नवीन माणसाने साखळी कुठे मिळते हे विचारलं की मी आधी त्याच्या घराबद्दल विचारते. धातू दुकानात ठरत नाही. तो घराची हवा, वरची पन्हळ आणि खाली पाणी जिथे जातं ती जागा, या तिन्हींवरून ठरतो.

पहिली पायरी: घराभोवती एक फेरी मारा

हातात वही घ्या आणि चार गोष्टी लिहून काढा.

समुद्र किती लांब आहे? खिडकीच्या काचेवर, दुचाकीच्या आरशावर उन्हाळ्यात खारट चिकट थर बसत असेल तर तुमचं घर खाऱ्या हवेत आहे, नकाशावर अंतर काहीही असो. पावसाळ्यात हे मीठ धुऊन जातं. खरा त्रास ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत होतो, कारण तेव्हा मीठ साचत राहतं आणि धुवायला पाऊस नसतो. साखळीच्या वरच्या दोन-तीन कड्या वळचणीच्या आडोशाला असतात, त्यामुळे गंज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. कारखान्यांच्या पट्ट्यात राहत असाल तर मिठाऐवजी धुरातल्या गंधकाचा विचार करा. घाटावर, देशावर, कोरड्या हवेत तुम्हाला निवड भरपूर आहे.

वरची पन्हळ कशाची आहे? जस्ताच्या पत्र्याची, अ‍ॅल्युमिनियमची, पीव्हीसीची की सिमेंटची? आणि छपराला पत्रा आहे की कौलं? याचं महत्त्व पुढे कळेल.

पाणी खाली कुठे पडतं? शहाबादी फरशीवर, लाद्यांवर, कुंडीत, माशांच्या टाकीत, की पावसाचं पाणी साठवायच्या हौदात?

आणि घरात बारा महिने कुणी राहतं का? हा प्रश्न नवखे लोक विसरतात. कोकणात कितीतरी घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलपात असतात. बंद घराच्या दर्शनी भागात किलो-दीड किलो तांबं लटकतं ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण. भंगारात तांब्याला चांगला भाव येतो हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी पायरी: पाणी किती येणार ते काढा

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पाच बाय चार मीटरच्या छपराचं पाणी एका साखळीवर येत असेल तर ते झालं २० चौरस मीटर. ताशी ५० मिलिमीटरची सर आली, आणि कोकणात ती येतेच, तर तासाला १,००० लिटर, म्हणजे दर मिनिटाला जवळजवळ एक बादली. साधी कडीची साखळी एवढं पाणी सांभाळत नाही, ते बाहेर उडतं. अशा जागी वाट्यांची, म्हणजे कड्यांऐवजी बुडाला भोक असलेल्या वाट्या एकीखाली एक ओवलेली, साखळी घ्या किंवा छपराचं पाणी दोन-तीन साखळ्यांत वाटून द्या. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. तसल्या दिवशी कोणतीच साखळी पुरी पडणार नाही, म्हणून पन्हळीला ओसंडून वाहायला दुसरी वाट ठेवा.

धातूशी याचा संबंध असा की वाट्या ठोकून करायला तांबं सगळ्यांत सोपं आहे. स्टीलच्या वाट्या साच्यावर दाबून करतात, त्यामुळे त्यांत हवा तो आकार घडवून मिळत नाही. जास्त पाणी असेल आणि वाट्या तुमच्या मापाच्या हव्या असतील तर निम्मा निर्णय इथेच होतो.

तांबं

तांबं मला मनापासून आवडतं, आणि परवडत असेल तर मी आधी त्याचाच विचार करायला सांगते. ते लोखंडासारखं गंजत नाही. हवेशी संयोग होऊन त्याच्यावर थर चढतो आणि तो थरच आतल्या धातूला सांभाळतो. नवी साखळी नव्या बंबासारखी लालसर झळकते. पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत ती तपकिरी होते, मग चॉकलेटी, मग काळपट. जंगालाचा हिरवा रंग त्याच्याही नंतर येतो. समुद्रकाठी त्याला काही वर्षं लागतात, कोरड्या स्वच्छ हवेत दशकंही लागू शकतात. गंधकाच्या हवेत तो थर मुख्यतः तांब्याच्या सल्फेटचा असतो, खाऱ्या हवेत क्लोराइडचा. दिसायला दोन्ही हिरवेच.

हा थर किती भरवशाचा असतो ते पाहायचं तर न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघा. १८८६ मध्ये उभा राहिलेल्या त्या पुतळ्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड आहे आणि तो समुद्राच्या वाऱ्यात आजही शाबूत आहे. बिघडला तो आतला लोखंडी सांगाडा. का ते टांगण्याच्या पायरीत सांगते.

जाडी विचारा. कडीसाठी तार निदान १० गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरची हवी. ८ गेज, म्हणजे चार मिलिमीटर असेल तर उत्तम. त्याहून बारीक तांब्याची कडी वाऱ्याने आणि वजनाने हळूहळू उघडते, कारण तापवून मऊ केलेलं तांबं हाताने वाकतं. ८ गेजच्या तारेच्या पाच सेंटिमीटर लांब कड्यांची अडीच मीटर साखळी साधारण ८०० ग्रॅम भरते. वाट्यांची असेल तर पत्रा २२ गेजचा बघा. अडीच मीटरला अठरा-वीस वाट्या धरल्या तर दीड किलोच्या घरात वजन जातं. दुकानात तराजू मागायला लाजू नका.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हाताने ठोकून वाट्या करून घेता येतात. पेशवाईपासून तिथे तांब्याचं काम चालत आलं आहे. पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठसे उमटवायच्या त्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. ते नुसतं नक्षीसाठी नसतं. ठोकल्याने तांबं ताठ होतं आणि पातळ पत्र्याची वाटीही चेपत नाही. यंत्रावर दाबून काढलेली गुळगुळीत वाटी आणि मठारलेली वाटी शेजारी ठेवून अंगठ्याने दाबून पाहा, फरक लगेच कळतो. माझ्या मागच्या दाराची साखळी अशीच करून आणलेली आहे. सर ओसरल्यावर त्या ठशांमध्ये पाणी थेंबाथेंबाने अडकून राहतं, ते बघायला मला फार आवडतं.

आता तांबं कुठे नको. माशांच्या टाकीवर नको, कमळाच्या कुंडीत डासांसाठी गप्पी मासे सोडले असतील तर तिथेही नको. पावसाचं पाणी मुळात किंचित आम्ल असतं, ते तांबं थोडं थोडं विरघळवतं, आणि माशांना, गोगलगायींना तांब्याचा अगदी थोडा अंशही सोसत नाही. सुपारीच्या कोळेरोगावर बागायतदार जे बोर्डो मिश्रण फवारतात त्यातला मारक घटक तांबंच आहे, हे लक्षात ठेवलं म्हणजे पुरे. पाणी पिण्यासाठी हौदात साठवत असाल तरीही तांब्याची साखळी मी सुचवत नाही. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी प्यायची आपली सवय वेगळी आणि पाच-दहा हजार लिटरच्या हौदात चार महिने उतरणारं पाणी वेगळं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. कड्या झाळून जोडलेल्या असतील तर झाळ शिशाची आहे का हेही विचारा. साठवायच्या पाण्याला शिसं अजिबात नको.

आणि फरशी. पांढऱ्या संगमरवरावर, शहाबादीवर तांब्याच्या पाण्याचे हिरवट ओघळ पडतात. काळ्या दगडावर ते फारसे दिसत नाहीत.

स्टेनलेस स्टील

खाऱ्या हवेत, बंद घराला किंवा पिण्याच्या हौदावर माझी निवड स्टीलची असते. पण ‘स्टील’ एवढंच म्हणून भागत नाही, हे मी भिंत रंगवून शिकले. स्टीलचे नंबर असतात आणि तेच महत्त्वाचे.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर त्याला गंजापासून वाचवतो. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मिठातला क्लोराइड जिथे तो थर भेदून बारीक खड्डे पाडतो तिथे हेच मॉलिब्डेनम आडवं येतं. २०२ हा स्वस्त भाऊ: महाग निकेल कमी करून त्यात मॅंगनीज वाढवलेलं असतं. नवं असताना तिन्ही सारखंच चमकतं. माझी पहिली साखळी २०२ ची निघाली.

म्हणून समुद्रकाठी ३१६, बाकी ठिकाणी ३०४, आणि २०२ बाहेर उघड्यावर कुठेच नाही. दुकानात ‘तीनशे सोळा’, ‘तीनशे चार’ असं नंबर घेऊन मागा आणि बिलावर तो नंबर लिहून घ्या. चुंबकाची परीक्षा इथे फसवी आहे. २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही; उलट वाकवून, ठोकून घट्ट झालेल्या ३०४ च्या तारेला तो थोडासा चिकटू शकतो. खात्रीसाठी थेंबांची चाचणी असते. स्टीलच्या बाजारात आणि मोठ्या भंगारवाल्यांकडे त्या द्रवाची बाटली आणि ९ व्होल्टची बॅटरी ठेवलेली असते, थेंबाच्या रंगावरून ग्रेड तिथल्या तिथे कळतो. जास्त साखळ्या घेत असाल, होमस्टेच्या सगळ्या पडव्यांना लावत असाल, तर स्टील बनवणाऱ्या कारखान्याचं तपासणीपत्र मागा.

फिनिश चकचकीत घ्या. घासलेल्या मॅट फिनिशच्या रेघांत मीठ बसून राहतं, गुळगुळीत पृष्ठभागावरून ते सहज धुतलं जातं. साखळी फॅब्रिकेटरकडून करून घेत असाल तर प्रत्येक कडीचा वेल्डिंगचा सांधा बघा. सांध्याभोवती निळसर-तपकिरी रंग राहिला असेल तर तिथला संरक्षक थर जळलेला असतो, आणि गंज तिथूनच सुरू होणार. तो भाग पिकलिंग पेस्टने, म्हणजे जळका थर काढणाऱ्या आम्लाच्या लेपाने, साफ करून द्यायला सांगा. पॉलिश करतो म्हणाला तरी आधी पेस्ट, मग पॉलिश.

एक गोष्ट कुणी आधीच सांगत नाही. नव्या घराची फरशी साफ करायला मिस्त्री जे ॲसिड वापरतात त्याच्या वाफेनेसुद्धा स्टीलवर डाग पडतात. लोखंडी गेटचं घासकाम जवळ चाललं असेल तर उडालेल्या ठिणग्या स्टीलवर बसतात आणि तिथे गंजाचे ठिपके उठतात. ते गंजणं स्टीलचं नसतं, ठिणगीतल्या लोखंडाचं असतं, पण दिसायला सारखंच. म्हणून बांधकाम, रंगकाम, साफसफाई सगळं उरकल्यावरच साखळी टांगा.

स्टीलची साखळी म्हातारी होत नाही, रंग बदलत नाही. काहींना ते आवडतं. मला तिच्यात तांब्याची ऊब सापडत नाही, पण आमच्या पडवीवर आता ३१६ च आहे आणि भिंत पांढरी आहे.

अ‍ॅल्युमिनियम

पन्हळ अ‍ॅल्युमिनियमची असेल तर साखळीही अ‍ॅल्युमिनियमची घेणं शहाणपणाचं, कारण मग दोन धातूंचं भांडण उरत नाही. स्वस्त पडतं, गंजत नाही, पावडर कोटिंगमध्ये हवा तो रंग मिळतो. तांब्याच्या मानाने ते तिपटीहून हलकं आहे, आणि तीच त्याची अडचण आहे: वाऱ्यात ते झोके घेतं आणि पाणी भिंतीवर फेकतं. खालचं टोक बांधलंच पाहिजे. खाऱ्या हवेत उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट पूड आणि बारीक खड्डे येतात, तिथे ॲनोडाइझ केलेलं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वरचा संरक्षक थर जाड केलेलं, घ्या. ओल्या सिमेंटचाही त्याला त्रास होतो. गिलावा चालू असताना लावू नका.

लोखंड आणि जस्त

काळी लोखंडी साखळी वाड्याला, दगडी भिंतीला शोभते यात शंका नाही. फक्त रंग दिलेलं लोखंड मात्र पाण्याच्या वाटेत टिकत नाही. कड्या एकमेकींवर घासतात, तिथला रंग आधी जातो.

जस्ताचा मुलामा असेल तर गोष्ट वेगळी, पण मुलामा दोन प्रकारचा असतो. विजेने चढवलेला थर सहसा पाच-दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), चकचकीत आणि गुळगुळीत. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला पन्नास-साठ मायक्रॉनच्या आसपास, राखाडी आणि थोडा खडबडीत. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे वर्ग पाडले आहेत. त्यातल्या तीव्र खाऱ्या वर्गात जस्त वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजतं, मध्यम वर्गात साधारण एक ते दोन. म्हणजे विजेचा मुलामा समुद्रकाठी एक-दोन वर्षांचा पाहुणा आणि बुडवलेला दहा वर्षांच्या आसपासचा सोबती. हिशेब करा आणि मग भाव करा. साखळी आधी पूर्ण वेल्ड करून मग जस्तात बुडवलेली असावी. आधी मुलामा आणि मग वेल्डिंग केलं तर सांध्यावरचं जस्त जळून जातं, आणि वरून मारलेला चंदेरी रंग त्याची जागा घेत नाही.

कोकणातल्या लोकांसाठी एक सोय आहे: जांभ्याच्या उघड्या भिंतीवर गंजाचे ओघळ दिसत नाहीत, कारण जांभ्याचा रंगच लोहाचा आहे. तिथे लोखंड थोडं निभावून जातं.

पितळ

पितळेची साखळी सुरेख दिसते, पण बाहेर टांगायला मी ती सुचवत नाही. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. दुसरा धोका अमोनियाचा, आणि तो आपल्याच पावसाळ्यात सापडला. ब्रिटिश सैन्याची पितळेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असायची आणि ती आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना धातूत राहिलेला ताण, या दोन्हींमुळे ते होत होतं, हे १९२१ मध्ये उलगडलं. वाकवून केलेल्या पितळेच्या कडीत तसाच ताण असतो. घरामागे गोठा असेल, शेणखताचा खड्डा असेल तर पितळ नकोच.

दुकानात आणि ऑनलाइन घेताना

‘कॉपर फिनिश’ म्हणजे तांब्याचा रंग, तांबं नव्हे. लोखंडावर तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या साखळ्या खूप विकल्या जातात आणि त्या सगळ्यांत वाईट. लोखंडावर जस्त असेल आणि ओरखडा पडला तर जस्त आपण झिजून लोखंडाला वाचवतं. लोखंडावर तांबं असेल तर उलटं होतं: ओरखड्याच्या जागी लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजतं. इथे चुंबक उपयोगी पडतो. तांब्याला तो चिकटत नाही; चिकटला तर आत लोखंड आहे. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा रंग असेल तर चुंबक सांगणार नाही, पण हातात घेताच वजन सांगेल. शंका असेल तर कडीच्या आतल्या बाजूला कानशीने एक बारीक घाव घाला. आतही लालच निघालं पाहिजे.

वर्णनात धातूचं नाव, तारेची किंवा पत्र्याची जाडी आणि एकूण वजन या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसेल तर ती साखळी घेऊ नका.

टांगताना

आता पुतळ्याची गोष्ट. तिथे तांब्याचा पत्रा आणि लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये घातलेलं अस्तर कालांतराने गेलं, दोन धातू एकमेकांना भिडले, खारं पाणी मध्ये आलं आणि लोखंड गंजत सुटलं. १९८० च्या दशकातल्या दुरुस्तीत लोखंडाच्या पट्ट्या काढून ३१६ जातीचं स्टील बसवलं आणि मध्ये टेफ्लॉनची पट्टी घातली. तुमच्या पन्हळीच्या तोंडाशी हेच छोट्या प्रमाणात घडतं. जस्ताच्या पन्हळीला तांब्याची साखळी थेट अडकवली की टेकायच्या जागी पन्हळीला भोक पडतं. मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर घाला आणि आकडा स्टीलचा वापरा. पीव्हीसीच्या पन्हळीला हा प्रश्नच नाही.

पाण्याच्या दिशेचा नियम पाठ करून ठेवा: तांब्यावरून आलेलं पाणी जस्तावर किंवा अ‍ॅल्युमिनियमवर पडू द्यायचं नाही. वरून खाली जस्त, मग तांबं, असं चालतं. उलटं चालत नाही. म्हणून तांब्याच्या साखळीखाली पत्र्याची बादली किंवा जस्ताचं घंगाळ ठेवू नका, वर्षा-दोन वर्षांत चाळण होईल. दगडी डोणी, मातीची कुंडी किंवा गोटे घातलेला खड्डा उत्तम.

साखळीचा भार पन्हळीवर टाकू नका. आकडा वाशाला किंवा भिंतीत पक्क्या केलेल्या पट्टीला हवा. ओली साखळी, वर वारा, आणि आमच्याकडे वानर. एक वानर लटकलं की पन्हळीसकट सगळं खाली येतं. अमेरिका-कॅनडातल्या थंड भागात राहणाऱ्यांना वानरांचा त्रास नाही, पण तिथे साखळीवर बर्फ गोठून तेवढंच वजन येतं, त्यामुळे हिवाळ्यात ती उतरवलेली बरी.

वर्षभरात

समुद्रकाठी स्टीलला ऑक्टोबर ते मे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, वरच्या कड्या आणि आकडा विशेष. लोखंडी तारेची घासणी स्टीलला लावू नका. तिचे कण अडकतात आणि गंजतात. तांब्याला काहीच करू नका, हेच माझं मत. चकचकीतच हवं असेल तर चिंच-मीठ चालतं, पण मीठ शेवटच्या थेंबापर्यंत धुऊन काढा. लाखेचा थर उन्हापावसात पोपडे धरतो, त्यापेक्षा थर न दिलेलं बरं. जस्ताची साखळी काढून ठेवताना कोरडी करून, सुटी टांगून ठेवा. ओल्या ढिगात तिच्यावर पांढरा गंज येतो.

वादळाचा इशारा आला की साखळी उतरवून घरात घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूला धडकलं तेव्हा कौलं आणि पत्रे उडाले. दीड किलोची साखळी त्या वाऱ्यात काय करू शकते ते सांगायला नको. आकडा असा ठेवा की शिडीवर चढून एका हाताने निघेल. घर बंद करून मुंबईला परतणाऱ्यांनी तांब्याची साखळी गणपतीनंतर परतीचा पाऊस संपला की काढून कपाटात ठेवावी.

लावल्यानंतरच्या पहिल्या जोराच्या सरीत छत्री घेऊन अंगणात उभ्या राहा. पाणी भिंतीकडे उडत असेल तर खालचं टोक दोन-चार इंच बाहेर ओढून दगडाला बांधा. मधल्याच कड्यांवरून पाणी सुटत असेल तर तिथल्या कडीचं तोंड उघडलंय का पाहा आणि पक्कडीने मिटवा. पन्हळीच्या भोकातून पाणी साखळीला न लागता सरळ खाली कोसळत असेल तर भोक मोठं आहे. तिथे आतून निमुळती नळी बसवा, म्हणजे धार कड्यांवर येईल.